तुरीचं टरफल

लेकीनं पाठवला. खोक्यावर एक हसणारी बाई,
तिच्या हातात पळी, पळीतून वाफ.
पुस्तक इंग्रजीत, हिंदीत, पुढं चिनी असावं असं काहीतरी.
मी चित्रं पाहिली. चित्रं मला कळतात.

सव्वीस वर्षं परभणीच्या सिव्हिलमध्ये, तळघरात,
ह्याच्या थोरल्या भावापाशी उभा होतो.
माणूस मावेल एवढं त्याचं पोट, दाराला चाक,
पंधरा पौंड, एकशे एकवीस डिग्री,
आत कात्र्या, चिमटे, हिरव्या कापडाची गाठोडी.
ह्याच्यात दोघांपुरतं वरण.
प्रयागा म्हणते, दवाखाना सुटला तुमचा, वाफ काही सुटली नाही.

आठ दिवस गुमान चालला.
नवव्या दिवशी पिन वर येईना.
कडेनं फुसफुस, डाळ कच्ची,
आणि काचेतला आकडा जागचा हलायला तयार नाही.
लावा की पोरीला फोन, प्रयागा म्हणाली.
थांब, म्हणलं. आधी वायर काढ.

(हे पहिलं. आणि दुसरं,
वायरीचा डबा नळाखाली धरायचा नाही, फडकं पिळून पुसायचा.
वसमत रोडच्या माझ्या मेव्हण्यानं धरला होता.
मग दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवला.
वाळला. बोलला नाही पुन्हा.)

ओट्यावर जुना टॉवेल अंथरला. चष्मा लावला.
मागची इवलीशी वाटी काढली, तिच्यात शिळं पाणी, बुळबुळीत;
ही वाटी आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं.
भांड्याच्या तळाला पांढरी खरपुडी,
चारशे फुटांवरून येतं आमच्या बोरचं पाणी,
येताना जमीन घेऊन येतं.
त्यात पिळलेल्या लिंबाच्या साली टाकून ठेवल्या.
मग झाकणाचं रबर ओढून काढलं, नाकाला लावलं:
परवाची येसराची आमटी, कालची अंडी,
आणि त्या सगळ्याखाली, अजून, कारखाना.

एकदा त्या थोरल्याच्या रबराला केसाएवढी चीर पडली होती.
टेपवरच्या रेघा काळ्या व्हायला पाहिजेत,
त्या राखाडी निघाल्या.
वर डॉक्टर हातमोजे घालून उभे.
जिंतूरकडची कोणी बाई टेबलावर.
सिस्टर म्हणाल्या, राखाडी म्हणजे काळंच की हो, द्या.
मी म्हणलं, हा ड्रम जाणार नाही.
चाक धरून उभा राहिलो. नुसता उभा.
दुसऱ्या मशीनवर पुन्हा सगळं लावलं, चाळीस मिनिटं गेली.
मला मेमो मिळाला.
त्या बाईचं पुढं काय झालं, कोणी सांगितलं नाही.
तळघरात बातम्या येत नव्हत्या, कपडे यायचे.

पिनची टोपी काढली, हरभऱ्याएवढी.
हरवली तर दुकानात मिळणार नाही, म्हणून वाटीत ठेवली,
वाटीवर ताटली.
भोकातून उजेडाकडं पाहिलं.
उजेड अर्धाच येत होता.
प्रयागानं पदराची सेफ्टी पिन काढून दिली.
हळूच फिरवली, आणि निघालं
तुरीचं एक टरफल, भिजून मऊ,
मुंगीला उचलता आलं असतं.

एवढ्यासाठी?
हाव. एवढ्यासाठी.

बसवाबसवी चालू असताना लाईट गेली.
अंधारात रबर बसवून बघितलं,
बोटांनी कडेनं एक फेरी मारली, कुठं उचललेलं नाही ना.
बोटं डोळ्यांपेक्षा जुनी आहेत ह्या कामात.
पाऊण तासानं लाईट आली, पुन्हा डाळ लावली,
आणि आम्ही दोघं स्टुलं घेऊन समोर बसलो,
लेकरू पहिल्यांदा बोलायची वाट बघावी तसे.
टक.
पिन वर.
प्रयागा उठली. कणीक मळायला लागली. काही बोलली नाही.

रात्री पोरीचा फोन. पप्पा, चालतोय ना?
चालतोय.
काही अडचण?
काही नाही.

झोपताना झाकण उलटं करून उघडंच ठेवलं, आत वारं लागावं म्हणून.
रबर त्या खिळ्याला अडकवलं
जिथं ड्युटीचं कार्ड लटकायचं.
सकाळी हात लावला, कोरडं होतं.
तरी नाकाशी नेलं.
येसर. अजून.